आठपैकी दोन

वहिनीने पट्टीची कड खालच्या दातांवर टेकवून घेतली आणि तोंड उघडता येईल तेवढं उघडलं.

"चौदा," नणंद म्हणाली आणि मिलिमीटर लिहून घेतले.

"गेल्या खेपेला पंधरा होते. तुझी पट्टीच आखडलीय, वन्सं."

अकरा वर्षं वहिनी अशीच दातांच्या फटीतून बोलत होती. जबड्याचा सांधा झिजून गेलेला. खाणं पातळ, हसू अर्धं. तिला फार काही नको होतं. एक पोटभर जांभई हवी होती. आता नणंदेच्याच प्रयोगशाळेतला सांधा तिला बसणार होता: खाली हाड, वर कूर्चा, दोन्ही वहिनीच्याच पेशींतून वाढवलेलं. मेंढ्यांमध्ये तो जमला होता.

संमतीच्या कागदावर त्याचं सूक्ष्मदर्शकातून टिपलेलं चित्र होतं. हाड लाल, कूर्चा निळी, मधे केसभरही फट नाही.

वहिनीने चित्रावर बोट ठेवलं. "काय गं सुरेख! भरतकामच जणू. किती मेंढ्यांना बसवलास?"

"आठ."

"मग बाकीच्यांचे फोटो?"

नणंदेने पट्टी पुसली. पुसलेली पट्टी पुन्हा पुसली.

नोंदवहीत, तिच्याच वळणदार अक्षरात:

नमुना तीन – कापताना फाटला.
चार – कापताना फाटला.
पाच – तसाच.
सहा, सात, आठ – वरीलप्रमाणे.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला नमुन्याचे पापुद्रे कापावे लागतात. पातं कधी अडकतं, नमुना फाटतो. फाटलेले निकालात धरत नाहीत; कुणी विचारतही नाही. फक्त, पातं लागायच्या आधीच कूर्चा हाडावरून सुटलेली तिने पाहिली होती. सहा वेळा.

वहिनीने पेन उघडलं.

"सही करू नकोस."

"का?"

"सहा सुटले. मेंढीच्या जबड्यातच. मी… कापताना फाटले, असं लिहिलं."

वहिनीने पेनला टोपण लावलं.

"माझ्या जागी परकी बाई असती, तर सांगितलं असतंस?"

नणंद पट्टीवरचे आकडे बघत राहिली.

दारावर टकटक झाली. पुढचा पेशंट, निवृत्त पोस्टमन. हातात तसाच संमतीचा कागद, सही केलेला.

"येऊ ना, डॉक्टर? मी कालच सही ठोकली. बायको म्हणत होती, नीट विचार करा. म्हटलं, अगं, त्यांच्या घरची बाई करून घेतेय, आपण कशाला भ्यायचं?"

वहिनीने पर्स उचलली. आता ही जाणार, नणंदेला वाटलं, आणि मग… नुसती मान हलवून कागद घेतला, तरी चालेल.

वहिनीने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"बसा, काका," ती म्हणाली. "डॉक्टरांना तुम्हाला काही सांगायचंय."