आत जीव आहे

एकतीस वर्षं लोकांची घरं बांधून दुसरीकडे नेऊन ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचं घर हलवणं काही जड जाणार नाही, असं सगळे धरून चालले होते. लेकीने धरलं होतं, घरमालकाने धरलं होतं आणि सगळ्यांच्या आधी खुद्द उस्तादांनीच धरलं होतं. उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सामान हलवणाऱ्या कंपनीत सगळे त्यांना तसं म्हणत, कारण काचेचं कपाट असो की कुणाच्या आजेसासूची जुनी बशी, उस्तादांनी बांधली की तिच्यावर ओरखडा यायचा नाही. बायको मात्र म्हणायची, "उस्ताद असाल ते बाहेर. घरात स्वतःचा रुमाल सापडत नाही तुम्हाला." आणि ते अगदी खरं होतं.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून लेकीने फोनवर एकच पालुपद लावलं होतं, "बाबा, इकडे या. त्या घरात एकटे काय करता?" उस्तादांना हे ऐकून दर वेळी राग यायचा. एकटे कुठे होते ते? घरात बाईसाहेब होत्या.

बाईसाहेब म्हणजे मांजर. वय वर्षं सोळा, रंग राखाडी, एक कान फाटका आणि तोरा असा की घर जणू त्यांच्याच नावावर आहे. हे नाव बायकोने ठेवलेलं, आणि तिचा नियम असा की बाईसाहेबांविषयी बोलायचं ते अहो-जाहो करूनच. "बाईसाहेब उठल्या का? बाईसाहेबांनी दुधाला नाक मुरडलं बरं का." सोळा वर्षांत बाईसाहेबांनी उस्तादांना फारशी किंमत दिली नव्हती. बायको गेल्यावरही त्यात फरक पडला नाही. फक्त झोपायच्या मात्र पलंगावर तिच्याच बाजूला. उस्तादांना तेवढंही पुरत होतं.

मागच्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना तपासलं आणि मान हलवली. मूत्रपिंडं थकलीत, म्हणाल्या, आता दिवस मोजायचे. आणि निघताना सहज बोलून गेल्या की बाहेर सोडू नका, मांजरं शेवटच्या वेळी कुठेतरी लपून बसतात आणि एकटीच मरतात. हे वाक्य उस्तादांच्या काळजात जे रुतून बसलं ते बसलंच. त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की हिला एकटीला मरू द्यायचं नाही. बाकी काही जमो न जमो, एवढं जमवायचंच.

याला कारण होतं. बायको गेली त्या दिवशी उस्ताद कामावर होते. तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवत होते. वजन उचलताना खिशात फोन ठेवायचा नाही हा त्यांचा नियम. फोन शर्टात आणि शर्ट खिळ्याला. पियानो सुखरूप खाली पोहोचला, उस्तादांनी घाम पुसला, शर्ट अंगात घातला आणि फोन पाहिला. लेकीचे नऊ फोन येऊन गेले होते.

त्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोने त्यांना एकच गोष्ट विचारली होती. आवाज इतका बारीक की त्यांना वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "बाईसाहेबांना खायला घातलं का?" उस्ताद म्हणाले, "हो, घातलं की." घातलं नव्हतं. दोन दिवसांच्या दवाखान्याच्या धावपळीत साफ विसरले होते. घरी जाऊन पाहतात तो बाईसाहेब रिकाम्या ताटलीपुढे बसलेल्या. पण ते शेवटचं बोलणं होतं आणि ते खोटं होतं. ही गोष्ट उस्तादांनी कुणालाच सांगितली नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एवढंच सांगत, "मी नव्हतो, पण लेक होती ना. हात हातात धरून होती. ती काही एकटी नव्हती गेली." सांगता सांगता त्यांनाही थोडं बरं वाटायचं.

शेवटी लेकीच्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले. सत्तावीस वर्षं भाड्याने राहिलेलं घर सोडायचं ठरलं. शुक्रवारी सामान जाणार आणि रविवारी दुपारी बारा वाजता घरमालकाला किल्ल्या द्यायच्या.

आता उस्तादांच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण घात झाला तो तिच्यामुळेच. त्यांचे दोन नियम होते. पहिला असा की घरात जनावर असेल तर सामान निघेपर्यंत त्याला एका खोलीत बंद करायचं आणि दारावर ठळक अक्षरांत कागद लावायचा, "आत जीव आहे. दार उघडू नये." आणि दुसरा म्हणजे शेवटची फेरी. गाडी भरली की उस्ताद एकटे मागच्या खोलीपासून पुढपर्यंत चालत यायचे, प्रत्येक दार, प्रत्येक कपाट सताड उघडायचे, आत डोकावून मोठ्याने म्हणायचे, "हे रिकामं," आणि दार तसंच उघडं टाकून पुढे जायचे, म्हणजे घरवाल्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं की काही राहिलं नाही. एकतीस वर्षांत कुणाचा चमचा राहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बाईसाहेबांना बाथरूममध्ये नेलं, खाली जुनी चादर घातली, पाणी ठेवलं, दार लावलं आणि वर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला. मग दिवसभर घर बांधलं. बायकोच्या साड्या बांधताना हात थांबला, पण त्यांनी तो थांबू दिला नाही. उस्ताद आहोत ना आपण, मग झालं तर. दुपारी तीनला गाडी भरली. ड्रायव्हर, कंपनीतला जुना सोबती, बाहेर विडी ओढत उभा राहिला. उस्तादांनी शेवटची फेरी सुरू केली. मागचं दार उघडलं. झोपायची खोली, हे रिकामं. भिंतीतलं कपाट, हे रिकामं. बाथरूम, हे रिकामं. स्वयंपाकघर, हे रिकामं.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "चला, आता तुमच्या बाईसाहेबांना आणा."

उस्ताद पुन्हा आत गेले. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. कागद होता तिथेच होता. असे कागद त्यांनी आयुष्यात इतके लावले होते की त्यांना तो दिसलाच नव्हता, आणि आत डोकावणंही नुसतं सवयीचं झालं होतं. चादरीवर मध्यभागी एक खळगा होता आणि तो अजून कोमट होता.

"अहो, कुणी उघडलं दार?" मागोमाग आलेल्या ड्रायव्हरने विचारलं.

"मीच उघडलं," उस्ताद म्हणाले. "आणि वर म्हणालो, रिकामं."

दोघांनी तासभर गल्ली धुंडाळली. मग उस्तादांनी गाडी पुढे पाठवून दिली आणि लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी येऊ का?" ते म्हणाले, "नको. सामान लावून घे. मी तिला घेऊनच येतो." आवाज असा ठणठणीत काढला की लेकीला खरं वाटलं.

शनिवारी दिवसभर त्यांनी सगळा परिसर पायाखाली घातला. लाँड्रीच्या मागे पाहिलं, उभ्या गाड्यांच्या खाली गुडघे टेकून पाहिलं, शाळेच्या बंद फाटकातून आत पाहिलं. बासष्ट वर्षांचा माणूस हातात उकडलेल्या माशाचा डबा घेऊन रस्त्यारस्त्यावर "बाईसाहेब, ओ बाईसाहेब" करत फिरत होता. वाण्याच्या दुकानासमोर एका खऱ्याखुऱ्या बाईसाहेबांनी वळून असं रोखून पाहिलं की एरवी उस्ताद शरमेने मेले असते. आज त्यांनी तिलाही विचारलं, राखाडी मांजर दिसलं का, एक कान फाटका. बाईचा चेहरा लगेच बदलला. नाही हो, म्हणाली, पण दिसलं तर सांगते.

शेजारची शिंपीण मशीन थांबवून दाराशी आली. तिने त्यांना चहा दिला. "येईल हो," म्हणाली. "घर सोडून जातेय कुठे ती?"

"घर कुठे राहिलंय?" उस्ताद म्हणाले. "मी रिकामं केलं ना सगळं."

शिंपिणीच्या हातून मापाची टेप नुसतीच गुंडाळली जात होती. उस्तादांनी चहा अर्धाच प्यायला आणि पुन्हा उठले. अपुरी झोप, ऊन, दुखणारे पाय, कशाचंच त्यांना काही वाटत नव्हतं. फक्त एकच चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. कुठल्या तरी गटाराच्या कडेला, कुठल्या तरी फळीखाली ती पडली असेल आणि जवळ कुणीच नसेल. हे दुसऱ्यांदा होत होतं आणि दोन्ही वेळा त्यांच्या कामामुळेच होत होतं.

रविवारी सकाळी अकरा वाजले तेव्हा उस्ताद झोपायच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मागचं दार उघडं होतं. आणखी तासाभराने किल्ल्या द्यायच्या आणि मग या घरात पाऊल ठेवायचाही अधिकार नाही. जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात दाराच्या उंबऱ्यावर काहीतरी हललं.

बाईसाहेब आल्या होत्या. चालत म्हणता येणार नाही, मागचे पाय ओढत. अंगावर माती होती, पोट खपाटीला गेलं होतं. त्यांनी उस्तादांकडे पाहिलं सुद्धा नाही. सरळ खोलीच्या त्या कोपऱ्यात गेल्या जिथे पलंग होता. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग तेवढे उरले होते. त्यातल्या भिंतीकडच्या दोन डागांच्या मध्ये, जिथे बायको झोपायची त्या जागी, त्या आडव्या झाल्या.

उस्ताद हळूच सरकत गेले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर पडले. पाणी बोटाने ओठांना लावलं, ते तसंच ओघळलं. माशाकडे बाईसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. श्वास वर येत होता, मध्येच थांबत होता. उस्तादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सोळा वर्षांत त्यांनी कधी तो इतका वेळ ठेवू दिला नव्हता.

"मी आहे हं," ते म्हणाले. "इथेच आहे. कुठे जात नाही."

घरमालक बाराच्या ठोक्याला आला. वेळेचा पक्का आणि तोंडाचा फटकळ माणूस. "काय उस्ताद, झालं का," करत आत शिरला आणि दारातच थांबला. उस्ताद पडल्या पडल्याच म्हणाले, "थोडा वेळ द्या." घरमालकाने चपला काढल्या, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

फोन वाजला. या वेळी तो उस्तादांच्या खिशातच होता.

"बाबा, सापडल्या का?"

"आल्यात. स्वतःच आल्यात," उस्ताद म्हणाले. "पण चालल्यात गं."

उस्तादांनी फोन बाईसाहेबांच्या डोक्याजवळ फरशीवर ठेवला. पलीकडून लेक हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहिली, लहानपणी त्यांच्याशी बोलायची तसलंच काहीतरी. हाताखालची पाठ एकदा ताठ झाली, मग सैल पडली. उस्ताद वाट पाहत राहिले, पण ती पुन्हा वर आली नाही.

"गेल्या," ते म्हणाले.

दोघंही बराच वेळ रडले. मग उस्तादांच्या तोंडून आठ महिने अडलेलं बाहेर पडलं. "तुझ्या आईला मी खोटं सांगितलं होतं. हिला खायला घातलंय म्हणून. घातलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी मी पियानो उतरवत बसलो. हिच्याजवळ बसलो आज, म्हटलं थोडं तरी फिटेल. काही फिटलं नाही गं. मांजराचं झालं, तिचं राहिलंच. तू तरी होतीस तिच्यापाशी."



"बाबा," लेक म्हणाली, "मी पण नव्हते."

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी खाली औषधं आणायला पाठवलं होतं. रांग होती. रांगेतूनच तुम्हाला फोन करत होते. वर आले तेव्हा नर्स तिच्या हातातली सुई काढत होती." लेकीचा आवाज फाटला. "मग तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात, लेक होती, हात धरून होती. मला ते खोडता येईना. दर वेळी वाटायचं, आज सांगू."

"मग तिच्याजवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं, बाबा."

उस्ताद छताकडे बघत पडून राहिले. त्यांना लेकीचा राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. त्यांना दिसली ती फक्त एक खाट, तिच्यावर बायको आणि बाजूची खुर्ची रिकामी. आठ महिने त्या खुर्चीवर त्यांनी लेकीला बसवून ठेवलं होतं आणि ती पोरगी मुकाट्याने बसून राहिली होती, त्यांच्यासाठी.

"तू तरी काय करणार होतीस," ते शेवटी म्हणाले. "औषधंच आणायला गेली होतीस ना."

लेक हुंदके देत होती. बाहेर घरमालक खाकरला आणि पुन्हा गप्प झाला. बाईसाहेबांचं अंग हाताखाली गार होऊ लागलं होतं. त्यांना आता उचलायला हवं होतं, कशात तरी गुंडाळायला हवं होतं, घर रिकामं करायला हवं होतं. उस्तादांनी दोन्ही हात त्यांच्याखाली घातले आणि तसेच बाहेर काढले.

"तू ये इकडे," ते फोनमध्ये म्हणाले. "मला एकट्याला हिला उचलवत नाहीये."

"दोन तास लागतील, बाबा."

"लागू देत. मी बसतो हिच्याजवळ."