पंचाच्या गळ्यातली शिट्टी

मी शिट्टी. हॉकीच्या पंचाच्या गळ्यात असते ना, तीच. आजवर मी आपणहून कधी बोलले नाही. कुणी फुंकर घातली की वाजायचं आणि फुंकर संपली की गप्प बसायचं, एवढंच मला ठाऊक. पण आता मला वाजवणारं कुणी उरलं नाही आणि सांगायचं मात्र पोटात राहून गेलंय. म्हणून बोलतेय.

अंग माझं पितळेचं, वरून निकेलचा मुलामा. पोटात बुचाचा एक दाणा. तो गरगर फिरला की माझा आवाज थरथरतो आणि लांबवर जातो. पंजाबातल्या एका कारखान्यात मी बनले आणि खोक्यात बसून नागपूरला आले. सीताबर्डीवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, चेंडूंच्या शेजारी पडून होते.

तिथून मला उचललं ते रूपरावांनी. रूपराव पुलगावजवळच्या नाचणगावचे. घरी चांगली शेती होती, पण जीव सगळा हॉकीत. पंचाहत्तर साली मलेशियात आपण विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांनी म्हणे रेडिओ ओट्यावर ठेवून अख्ख्या आळीला सामना ऐकवला होता आणि नंतर गूळ वाटला होता. त्याच भरात त्यांनी ठरवलं, आपल्या भागातही लीग भरवायची.

पुलगावला स्टेशनामागे मुरमाचं मैदान होतं. नाचणगाव, देवळी, आर्वी, रेल्वेवाल्यांचा एक संघ आणि मैदानाला लागून असलेल्या बौद्ध वस्तीतला पंचशील क्लब, असे संघ जमले. संक्रांतीपासून होळीपर्यंत दर रविवारी सामने. आर्वीची पोरं अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं यायची आणि स्टेशन दिसलं की खिडकीतून स्टिका बाहेर काढून ओरडायची. चुन्याच्या रेषा रूपराव स्वतः आखायचे. गोलाला जाळी कुठली? मागं गोणपाट शिवून लावलेलं.

सगळं जमलं, अडलं ते पंचावर. एका बाजूचा पंच लक्ष्मणराव ठरले, रेल्वेतले. दुसऱ्या बाजूला कोण? नाचणगावचा माणूस आर्वीला नको, आर्वीचा देवळीला नको. शेवटी रूपराव मला खिशात घालून वस्तीत गेले, प्रेमदास ताकसांडेकडे.

प्रेमदास जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. तरुणपणी फुलबॅक खेळायचा. गुडघा गेला आणि खेळ सुटला. बोलणं कमी, पण जे पाहिलं तेच सांगणार, अशी त्याची ख्याती.

"पंच होशीन का?" रूपरावांनी विचारलं.

प्रेमदासनं मला तळहातावर घेतलं. "माया शिट्टीवर थांबतीन का लोक, रूपरावभाऊ?"

"खेळाचं असन तं थांबतीन. नाई तं घरी जातीन."

प्रेमदासच्या बायकोनं, सुलोचनानं, जुन्या पातळाच्या काठाची दोरी वळली आणि मी त्याच्या गळ्यात गेले.

पहिल्याच सामन्यात त्याची परीक्षा झाली. नाचणगावचा ओमप्रकाश म्हणजे रूपरावांचा पुतण्या, सगळ्या लीगमधला तेज फॉरवर्ड. त्यानं भरात स्टिक खांद्याच्या वर उचलली, म्हणजे फाऊल, आणि प्रेमदासनं मला फुंकलं.  नाचणगावात अजून काही घरं अशी होती, जिथं प्रेमदासला चहा दिला तर कप वेगळा असायचा. अशाच एका घरचा पोरगा समोर उभा होता, हातात स्टिक घेऊन. प्रेमदासचे दात माझ्यावर घट्ट रुतले होते.

ओमप्रकाशनं एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग स्टिक खाली केली आणि चेंडूपासून मागं सरकला.

त्या दिवसापासून बावीसच्या बावीस पोरं माझ्या आवाजाला थांबू लागली. भांडायची, कुरकुरायची, पण थांबायची. प्रेमदासनं आपलं-परकं कधी केलं नाही. त्याचा धाकटा भाऊ बाबाराव पंचशीलकडून खेळायचा. एकदा त्यानं देवळीच्या पोराला मुद्दाम पाडलं, तर प्रेमदासनं त्याला सरळ मैदानाबाहेर काढलं. बाबारावनं कितीतरी दिवस अबोला धरला. सुलोचना त्याला जेवायला बोलवायला जायची आणि एकटीच परत यायची.

ती मैदानावर कधी आली नाही. घरातून माझा आवाज ऐकायची. शेवटची लांब शिट्टी झाली, की चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

असे चार-पाच हंगाम गेले. ते माझे सुखाचे दिवस.

पण जी गोष्ट कुणाला कळली नव्हती ती मला कळू लागली होती. कळणारच, प्रेमदासचा श्वास माझ्या अंगातून जायचा ना! आधी त्याची फुंकर अशी भरदार यायची की दाणा भिंतीवर आपटून नाचायचा. पुढं पुढं तिचं टोक तुटू लागलं. मग ती सुरुवातीलाच पातळ यायला लागली. जिनिंगमध्ये दिवसभर कापसाचं तूस हवेत उडत असतं. प्रेमदास संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. तूस नुसतं पापण्यांवर बसत नव्हतं.

मैदानावर तो आता कमी पळायचा. आधीच योग्य जागी जाऊन उभा राहायचा. लोकांना वाटायचं, पंच मुरला. मला ठाऊक होतं, तो दम राखून ठेवतोय.

सुलोचनाला संशय आला होता. "दवाखान्यात जा ना एक डाव," ती म्हणायची.

"अन् डाक्टरनं काम सोड म्हनलं तं?" प्रेमदास विचारायचा. "मंग खाऊ काय?"

ती चुलीत लाकूड सारायची. 

ब्याऐंशी सालची होळी जवळ आली होती. अंतिम सामना नाचणगाव विरुद्ध पंचशील. पंचशील पहिल्यांदाच इथवर पोचलं होतं. सगळी वस्ती मैदानावर लोटली होती. समोरच्या बाजूला नाचणगावच्या बैलगाड्या आणि सायकली. सामना बरोबरीत आणि वेळ संपत आलेली.

ओमप्रकाश चेंडू घेऊन पंचशीलच्या डीमध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, घुसला. समोर नुसता गोली. तेवढ्यात मागून बाबाराव आला आणि त्यानं ओमप्रकाशच्या घोट्यावर स्टिक हाणली. ओमप्रकाश कोसळला. प्रेमदास चार पावलांवर होता. त्यानं सगळं पाहिलं. हात वर केला, मला ओठांत धरलं आणि फुंकलं.

दाणा हललाच नाही.

त्यानं पुन्हा फुंकलं. त्याची छाती वर-खाली झाली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. माझ्या पोटात आला तो नुसता सुस्कारा. तोवर बाबारावनं चेंडू लांब मारला होता. शिट्टी नाही म्हटल्यावर पंचशीलची पोरं थांबतील कशाला? ती चेंडू घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेली आणि गोल झाला. लक्ष्मणरावांना मागचं काही ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी गोल दिला.

वस्तीत एकच जल्लोष झाला. आणि नाचणगावचे लोक मैदानात शिरले.

"मुद्दाम नाई वाजवली यानं!"

"भाऊ आहे ना त्याचा! घरचा सामना करून टाकला!"

एकानं प्रेमदासची कॉलर धरली. रूपराव पळत आले आणि मध्ये पडले. प्रेमदासला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "प्रेमदास, शिट्टी अटकली होती म्हन. दाना फसला म्हन. लोक मानतीन. बाकीचं मी पाह्यतो."

माझ्या मनात आलं, म्हण रे बाबा, घाल माझ्यावर. मी पितळेची, माझं काय जातंय! मला फेकून देतील, दुसरी आणतील. तू वाचशील.

प्रेमदासनं मला तळहातावर घेतलं, क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

"शिट्टी चांगली आहे, रूपरावभाऊ." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. त्यासाठी त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. "फाऊल झाल्ता. म्या माया डोयानं पाह्यला. हात वर केला, फुकलं, पन मायाच छातीत हवा नोती. तो गोल धरू नका. नाचणगावले पेनल्टी स्ट्रोक द्या."

 कॉलर धरणाऱ्यानं हात मागं घेतला.

स्ट्रोकची शिट्टी प्रेमदासनं लक्ष्मणरावांना वाजवायला सांगितली. ओमप्रकाश लंगडत आला, त्यानं गोल केला आणि नाचणगाव जिंकलं. पण हरलेल्यांसारखेच सगळे खाली माना घालून आपापल्या घरी गेले.

बाबाराव तेवढा थांबला होता. रडत रडत म्हणाला, "अख्ख्या वस्तीच्या तोंडचा घास काढला तुनं, दादा. चूप नाई राहता आलं तुले?"

"नाई आलं," प्रेमदास म्हणाला.

त्या गर्दीत जिनिंगचा मुकादम किसनरावही होता. तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली आणि प्रेमदास फाटकावर गेला, तेव्हा बोलला. "तूच सांगतलं ना, प्रेमदास, छातीत हवा नाई म्हनून. मंग कापसाच्या गाठी कशा उचलशीन? घरी आराम कर."

फाटक बंद झालं. प्रेमदास तिथंच एका दगडावर बराच वेळ बसला. मी त्याच्या सदऱ्याच्या आत होते. तो रागावला नव्हता. फक्त घरी जाऊन हे सांगायचं कसं, ते त्याला सुचत नव्हतं.

सांगावं लागलंच नाही. सुलोचनानं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी तीच पदर खोचून त्या फाटकातून आत गेली, यंत्रात कापूस सारायच्या कामाला.

पुढल्या हंगामात लीग भरली, पण पंचशीलनं संघ उतरवला नाही. त्याच थंडीत दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत आपण पाकिस्तानकडून सात गोल खाल्ले होते, त्याचाही हिरमोड होता. हंगाम संपल्यावर आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि आर्वीच्या पोरांनी स्टिका टाकून बॅटी घेतल्या. रूपराव दारोदार फिरले. कुणी उठून आलं नाही. गोलाचे खांब कुणीतरी मांडवाला उपटून नेले.

प्रेमदास आता अंगणातल्या बाजेवर बसून असायचा. एका सकाळी ओमप्रकाश संत्री घेऊन आला. बाजेच्या कडेला टेकला, सुलोचनानं दिलेला चहा प्याला आणि कप हातात फिरवत राहिला.

"काका, त्या दिवशी याले पाह्यजे होतं मी तुमच्या जवळ," तो म्हणाला. "लीगचा कप घेऊन निंगून गेलो तसाच."

"तू जिंकला होता, पोरा. कप न्याचाच होता तुले," प्रेमदास म्हणाला आणि हसला. हसताना त्याला धाप लागली. ओमप्रकाश त्याची पाठ चोळत बसला.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत त्याचं बोलणंही कमी झालं. उशी पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायचा. एका दुपारी त्यानं खुणेनं मला मागितलं. सुलोचनानं मला पदरानं पुसून त्याच्या हातात दिलं. त्यानं मला ओठांत धरलं. वाजवायचा प्रयत्न केला की नुसतं धरून ठेवायचं होतं, मला कळलं नाही. त्याचा श्वास माझ्यात आला. इतका हलका, की चिमणीचं पीससुद्धा हललं नसतं. तो मला तसाच धरून डोळे मिटून बसला.

त्याच आठवड्यात तो गेला. पुढचा खांदा बाबारावनं दिला. नाचणगावहून रूपराव आले, ओमप्रकाश आला, आर्वीहूनही काहीजण आले. बुद्धवंदना झाली. परत आल्यावर बाबाराव उंबऱ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

काही दिवसांनी रूपरावांनी विचारलं, "वहिनी, ते शिट्टी द्या. ग्रामपंचायतीत लीगचा कप आहे, त्याच्या बाजूले ठेवतो."

"नका नेऊ, भाऊ," सुलोचना म्हणाली. "त्याईच्या श्वासाची आहे ते. घरात राहू द्या."

म्हणून मी घरातच आहे, पत्र्याच्या पेटीवर. मुलामा उडालाय, दाणा सुकून आक्रसलाय. मला त्याचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

सुलोचना अजून जिनिंगमध्ये जाते. संध्याकाळी येते, केसांतलं तूस झटकते आणि दारात बसते. या हंगामापासून तिला खोकला लागलाय. शेजारची तानाबाई विचारते, "काऊन वं, लय खोकून राह्यली?" तर म्हणते, "काई नाई, धूळ गेली घशात." मग तोंडावर पदर धरून खोकते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला ऐकू येतं. पण मी हाक मारू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. पुलगावला कधी उतरलात, तर स्टेशनामागच्या वस्तीत जा. सुलोचना ताकसांडेचं घर कुणीही दाखवेल. तिला म्हणा, बाई, दवाखान्यात चल. ती म्हणेल, धूळ आहे. म्हणेल, कामाचा खाडा होतो. तिचं ऐकत बसू नका. हाताला धरून घेऊन जा.