वाघोबाचं तोंड

“याचं तोंड जंगलाकडं ठेवा रं. हा ज्याच्याकडं बघंल, त्यानं जपून ऱ्हावं!” मला वेशीवर रोवताना पाड्याचा पुजारी सुका भगत म्हणाला होता.

मित्रांनो, मी एक जुना वाघोबा, म्हणजे वाघदेवाचा सागवानी खांब आहे. सूर्य, चंद्र आणि वाघ माझ्या अंगावर कोरले आहेत. हे राज्य नकाशावर आलं त्याच्या आधीपासून मी पालघरच्या डोंगरातला एक वारली पाडा राखत आलो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला मला शेंदूर लागे, मग गुरं निर्धास्त चरत.

एका वर्षी सगळा पाडा वीटभट्टीवर कामाला गेला. मागे बोईसरचे कारखानदार मनीषशेट आले आणि मला उपटून गाडीत घालून घेऊन गेले. शेंदूर खरवडला, व्हार्निश फासलं, दिवाणखान्यात उभं केलं. महाराष्ट्र दिनाला माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाले, “ही आपल्या महाराष्ट्राची ओळख!” टाळ्या वाजल्या. त्या दिवशी धरलेला राग मी सोडला नाही.

पुढे त्या घरी मंगळी भांडी घासायच्या कामाला लागली. सुका भगताची नात. तिने मला लगेच ओळखलं.

“शेट, हा आमचा देव हाय.”

“बेवारस पडला होता गं. मी जपला. आता तो साऱ्या महाराष्ट्राचा.”

“मंग आमी कुठल्या राज्यातले, शेट?”

शेट हसले. मंगळीने चपला काढून ठेवल्या. मला पुसताना हळूच म्हणाली, “ज्यानं न्येला, त्याच्याच खांद्यावर तुला परत न्येईन. तवर अनवाणी.”

रोज ती मला जरासं फिरवी. माझं तोंड शेटच्या खुर्चीकडे आलं.

“मंगळी, हा माझ्याकडेच का बघतो?”

“भूक लागली आसंल. जिकडं बघतो तिकडं शिकार करतो, आजा सांगायचा.”

शेटनी खुर्ची हलवली. सकाळी मी पुन्हा समोर! शेवटी ते ताट सारून म्हणाले, “मंगळी, याला परत पाड्यावर नेऊन ठेवू.” मला दया आली नाही, मित्रांनो. माझी जागा रिकामी झाली, तेव्हा पाड्याची दया कोणाला आली होती?

वाघबारशीला शेटची गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली.

“गडी बोलावतो,” शेट म्हणाले.

“गडी नको,” मंगळी म्हणाली. “ज्यानं उपटला त्यानंच न्यायचा.”

शेटनी मला खांद्यावर घेतलं. मी माझा सगळा भार खुशाल सोडून दिला.

मित्रांनो, आमचे देव दिवाणखान्यात मांडाल, तर आमच्या माणसांनाही शेजारी बसवा. नाहीतर माझं तोंड कुठेही वळतं.

मंगळीने पदर खोचला आणि अनवाणीच पायवाटेने पुढे निघाली.