गुरुवारचे सहा ट्रे

लोकांच्या कामाला किती वेळ लागतो ते मोजून सल्ला देणाऱ्या एका कंपनीत मी आठ आठवडे इंटर्न होते. आम्ही दोन इंटर्न होतो. शेवटी दोघांपैकी एकालाच नोकरीचं पत्र मिळणार होतं.

"याचा पगार मिळतो?" दादा म्हणाला होता. "आमच्या ऑफिसात लोक एकमेकांचं फुकट मोजतात."

सहाव्या आठवड्यात मला एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे ऑपरेशनच्या अवजारांचे ट्रे उशिरा पोचत होते आणि उशीर नेमका कुठे होतो ते शोधायचं होतं. धुऊन आलेली अवजारं एका लांबट खोलीत यायची. तीन बायका ती तपासून, ट्रेमध्ये लावून, निळ्या कापडात बांधून निर्जंतुक करणाऱ्या यंत्राकडे पाठवायच्या. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर स्टॉपवॉच घेऊन बसायची. प्रत्येकीचे तीस ट्रे मोजायचे होते.

मला हे काम आवडलं आणि मी फार प्रश्न विचारले. तिघींपैकी उंच बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आधी ते घड्याळ थांबव, मग विचार. माझ्या नावावर तुझी शाळा नको." चष्मेवालीनेही तेच धरलं. त्या दोघींशी बोलताना मी बटण दाबून घड्याळ थांबवायची.

तिसरीला सगळे मावशी म्हणत. तिने माझ्या घड्याळाकडे कधी पाहिलंच नाही. "इकडे ये, लांबून काय दिसतंय तुला?" ती म्हणायची. कात्री उघडून सांधा दाखवायची. "वरून सगळेच स्वच्छ दिसतात. घाण इथे बसते." चिमट्याची टोकं जुळतात का ते उजेडासमोर धरून कसं पाहायचं, जड अवजार खाली का, कापडाचं टोक बाहेर का ठेवायचं, हे सगळं तिने सांगितलं. मी एका हाताने वहीत लिहून घेत होते. दुसऱ्या हातात घड्याळ होतं आणि ते चालू होतं.

आठवडा संपल्यावर तक्ता तयार झाला. एका ट्रेला उंच बाई सात मिनिटं वीस सेकंद, चष्मेवाली सात पन्नास, मावशी दहा तेवीस.

"सापडलं," मॅनेजर म्हणाले. त्यांना आम्ही पाठीमागे 'सरासरी' म्हणायचो. सोमवारी हॉस्पिटलपुढे मांडायच्या अहवालात त्यांनी त्याच दिवशी ओळ घातली: मंद कर्मचारी तळघरातल्या लाँड्रीत हलवावा, जागी नवीन घ्यावा. मावशीच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तिच्या गुडघ्याला पट्टा होता आणि तळघराला लिफ्ट नव्हती.

गुरुवारी दुपारी मी अहवालासाठी तिच्या तीस नोंदींचा आलेख काढायला घेतला. ठिपके एका जागी जमायला हवे होते. ते दोन गटांत पडले. चोवीस अकरा मिनिटांच्या आसपास, सहा सात-चाळीसच्या आसपास. मधे काहीच नव्हतं. माणूस थकला तर वेळ हळूहळू वाढतो, असा तुटत नाही. मी त्या सहांच्या तारखा पाहिल्या. सहाही आदल्या गुरुवारच्या होत्या आणि त्या दिवशी तिच्या दुसऱ्या नोंदी नव्हत्या.

त्या गुरुवारी माझा घसा बसला होता. मी दिवसभर एक शब्द बोलले नव्हते.

वही उघडली. मावशीच्या नावाखाली त्रेचाळीस गोष्टी लिहिल्या होत्या. गुरुवारची पानं कोरी होती. मोजण्याआधी उपकरणाची त्रुटी तपासायची, हे अकरावीच्या प्रयोगशाळेत शिकवतात. इथे उपकरण मीच होते.

घरी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "आणि नोकरी?"

"पत्र हातात पडेपर्यंत गप्प बस," दादा म्हणाला. "कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस? आलेख काय, कोणी बघणार आहे?"

"मी बघितलाय."

"झालं! हिला शास्त्र शिकवलं तिथेच चुकलं आपलं."

शुक्रवारी सकाळी मी मॅनेजरांपुढे आलेख आणि वही ठेवली. त्यांनी सहा ठिपक्यांवर पेन्सिल टेकवली.

"बोलण्याचा वेळ वेगळा लिहिलाय?"

"नाही. म्हणून तो वजा करता येणार नाही, सर. पुन्हा मोजावं लागेल."

"सोमवारी काय दाखवू? कपाळ?" मग ते म्हणाले, "आज-उद्यात मोजून घेऊ. तू नको जाऊस. तुला ती परत शिकवत बसेल."

दुसरा इंटर्न गेला. शनिवारी संध्याकाळी त्याने मोजलेला मावशीचा आकडा आला: सात अडतीस. मॅनेजरांनी बदलीची ओळ खोडली आणि लिहिलं, उशीर या खोलीत होत नाही. तो कुठे होतो ते शोधायला आणखी दोन आठवडे मागावे लागले. हॉस्पिटलला ते आवडलं नाही.

आठव्या आठवड्याच्या शेवटी पत्र दुसऱ्या इंटर्नला मिळालं. माझ्या प्रमाणपत्रावर 'प्रामाणिक' असं होतं आणि त्याच्या खालच्या ओळीत 'निरीक्षणात शिस्त हवी' असं होतं. दोन्ही बरोबर होतं.

मी हॉस्पिटलचा कोट परत करायला गेले. मावशी टेबलाशीच होती.

"तो तुमचा पोरगा मुकाच निघाला गं," ती म्हणाली. "दोन दिवसांत एक प्रश्न नाही. तू पास झालीस ना?"

"नाही."

"का? घड्याळ बिघडलं होतं?"

"घड्याळ चांगलं होतं. मोजणं मी बिघडवलं."

शिकायला आलेल्यांसाठी ठेवलेला जुन्या अवजारांचा एक ट्रे आणि निळं कापड तिने माझ्यापुढे सरकवलं. "वही भरून लिहून नेलंस. एक तरी करून दाखव."

मी ट्रे बांधला. तिने एका झटक्यात सोडला. "टोक आत गेलं. परत."

मी परत बांधला. तिने तोही सोडला आणि कात्री वर काढली. "ही मिटलेलीच ठेवलीस. वाफ सांध्यात जाणार कशी?"

तिसऱ्या वेळी तिने गाठीवरून अंगठा फिरवला आणि सोडला नाही.