कापून आणलेल्या कापडाची गोधडी

मी गोधडी बोलतेय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की माझ्या अंगात एकही जुना कपडा नाही. गोधडी म्हटलं की ऐकणाऱ्याला कुणाचं तरी विटलेलं लुगडं, कुणाचा तरी फाटका सदरा आठवतो. माझं तसं नाही. माझे सगळे तुकडे कोरे, दुकानातून विकत आणलेले. वीतभर चौकोन, कारखान्यातच यंत्राने एका मापात कापलेले, कडा दातेरी, आणि सगळे एकावर एक रचून कागदी पट्ट्यात बांधलेले. निळे, राखाडी, पांढरे, थोडे लाल. खऱ्या गोधड्या मला बहीण मानणार नाहीत, पण त्याला माझा इलाज नाही.

मला विकत घेणारी बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तिची बोटं सवयीने कडा चाचपायची. तिने माझा गठ्ठा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि दुकानातल्या बाईला विचारलं, "यात कापावं काहीच लागत नाही ना?"

"काही नाही ताई. सरळ मशीनवर बसायचं. फक्त आधी धुऊ नका. शिवून झाली की मग काय ते धुवा."

आत घालायचा थर आणि पाठीचं कापड तिने तिथेच मापाने कापून घेतलं. कापड कापलं जात होतं तेव्हा ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, फोन आला असेल.

तिच्या घरी दोनच माणसं होती. ती आणि तिची सासू. मधलं माणूस गेलं होतं. सासूचा मुलगा आणि हिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा, दीड वर्षापूर्वी कामावर पडला आणि दवाखान्यात वारला. तेव्हापासून त्या दोघी एकाच घरात राहत होत्या आणि एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. दूध संपलं, गॅस आला, उद्या पाणी नाही. एवढ्यावर घर चालतं हे मी तिथे पाहिलं.

सुनेला या तुकडे जोडण्याचा नाद तो गेल्यावर लागला होता. माझ्याआधी तिने उशांचे अभ्रे केले होते, एक लहान दुलई केली होती, सगळं असंच कापून आलेल्या कापडाचं. दुकानातून आली की हातपाय धुऊन ती चौकोन पलंगावर मांडायची. निळ्याशेजारी राखाडी, मग उचलून पांढरा. एक ओळ जमायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जायची. त्या वेळात तिचा चेहरा जरा सैल पडायचा. ज्यांना असा नाद नाही त्यांना हे पटणार नाही, पण चौकोनाला चौकोन नीट भिडला की माणसाला घटकाभर बरं वाटतं. धागा मात्र ती दाताने तोडायची. मशीनच्या खणात कात्री नव्हती.

सासूला हे अजिबात पसंत नव्हतं. ती उभं आयुष्य शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काजं-बटणं करत आली होती. कापडातलं तिला कळायचं, आणि कळतं हे सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

"अख्खं कापड होतं, ते चिरलं, चिरल्याचे वर पैसे घेतले, आणि आता तू ते परत जोडणार," ती दारातून म्हणायची. "डोकं चालवणाऱ्याचं मात्र कौतुक आहे हो."

सून पुढचा चौकोन उचलायची. मग सासू नेमकं तेच बोलायची जे बोलायला ती दारात आलेली असायची. "त्याचे शर्ट पडलेत कपाटात. त्यांची गोधडी शिव म्हणते तर तुला जिवावर येतं. आणि त्या दिवशीचा शर्ट, मी शिवलेला, तो तर तू दवाखान्यातच टाकून आलीस."

"आई, बास."

"बास काय बास. रंगीबेरंगी हवं तुला."

आता खरी गोष्ट सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. चष्मेवाल्या मालकाने दुसऱ्या शहरात नवं दुकान काढलं होतं आणि तिथलं सगळं काम सुनेवर सोपवायचं ठरलं होतं. हिने हो म्हटलं होतं. सासूला सांगितलं नव्हतं. मशीनपाशी बसून ती फोनवर हळू आवाजात मालकाशी बोलायची, म्हणून मला ठाऊक. मी सासूसाठी होते. थंडीत म्हातारीचे गुडघे धरतात, तिच्या अंगावर काहीतरी उबदार टाकून निघावं, असा सुनेचा हिशोब होता. निरोप घ्यायचं धाडस होत नव्हतं, म्हणून ती मला शिवत होती. मुलाच्या घरातून सासू हलणार नाही, हे हिने न विचारताच धरून चाललं होतं. आणि आपण हिला नकोशा झालोय, हे सासूने न विचारताच धरलं होतं. माणसं एकमेकांबद्दल अशा कितीतरी गोष्टी न विचारता पक्क्या करून टाकतात.

एके दिवशी सून कामावर गेल्यावर सासू खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली. मी अजून जोडलेली नव्हते, नुसती मांडलेली; माझ्यातला एक लाल चौकोन उचलून तिने डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांत चोळला. "कापड बरं आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने सगळे चौकोन ओच्यात गोळा केले, आणि मला वाटलं, टाकून देतेय की काय. पण तिच्या मनात तसं काही नव्हतं. नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय शिवायला घ्यायचं नाही, हे ती कारखान्यात शिकली होती आणि नव्या पोरींना तिने शिकवलं होतं. सुनेचं तेवढंच काम हलकं करावं म्हणून ती उठली होती. दीड वर्षात पहिल्यांदा.

गरम पाणी, साबण, बादली. तिने आम्हाला मनापासून घुसळलं. आमच्या कडा सुटल्या, दोरे निघाले, त्या दोऱ्यांचा एकच गुंता झाला. लाल रंग पांढऱ्यात उतरला. कुणी इतकं आटलं, कुणी तितकं, कारण प्रत्येकाचा पोत वेगळा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, आम्ही त्या जातीचे नाही. तिने गुंता हाताने सोडवला, एकेक चौकोन झटकून खिडकीत, खुर्चीच्या पाठीवर, दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी चहाचं आधण ठेवून ती दाराकडे बघत बसली.

सून आली आणि दारातच थांबली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?"

"अगं, पाण्यातून काढून ठेवले. शिवल्यावर आटलं असतं म्हणजे?"

"आटलेच ना आता! वाट लागली सगळ्याची. माझी एक गोष्ट म्हणून शिल्लक ठेवायची नाही का या घरात?"

सासूचा चेहरा पडला. पण हार मानायची तिला सवय नव्हती. "त्यात रडण्यासारखं काय आहे? सगळे सारखे कापून घेऊ. थोडे लहान होतील, एवढंच." ती आत गेली, ट्रंकेतली जुनी मोठी कात्री घेऊन आली आणि खिडकीतला पहिला चौकोन धरून तिने कात्री चालवली. कर्र, कर्र.

सुनेने दोन्ही कान दाबून धरले. "बंद करा! आई, ती कात्री ठेवा आधी खाली!"

सासूने कात्री ठेवली. ती घाबरली होती. सून भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि मग तिने ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात तिला पडद्याबाहेर थांबवलं होतं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त कापड कापल्याचा आवाज येत होता. आतल्या डॉक्टरांना घाई होती, त्याला वाचवायचं होतं. त्यानंतर पडद्यामागून त्याचा म्हणून दुसरा कुठलाच आवाज तिने ऐकला नाही.

"शर्ट तिथे नाही टाकला मी," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवायचं धाडस झालं नाही."

तिने कपाटाच्या तळातून पिशवी काढली. सासूने शर्ट मांडीवर घेतला. कात्री पुढून सरळ वर गेली होती, बटणपट्टीच्या बाजूने, आणि दोन्ही बाह्यांतून गळ्यापर्यंत. पट्टी मात्र तशीच होती. काजं तशीच होती. सगळी बटणं लावलेली होती.

"बटणं काढायलासुद्धा वेळ नव्हता त्यांना," सासू म्हणाली.

"तुम्ही म्हणता ना, त्याच्या शर्टाची शिव. हा घ्या. आयता कापलेला आहे."

"नको गं," सासू म्हणाली. "याला आता सुई नको लावू. याला खूप झालं." आणि तिने एकेक बटण काजातून काढायला सुरुवात केली. गळ्यापासून खाली, हलक्या हाताने, प्रत्येक काज अंगठ्याने सारखं करत. शेवटचं बटण निघालं तेव्हा ती रडायला लागली, मोठ्याने, आणि सून सरकत तिच्याजवळ गेली. चहाचं आधण आटून भांडं करपलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

पुढे माझं काय करायचं, हा प्रश्न होताच. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "कात्री न लावताही होतं हे. फक्त मशीन बाजूला ठेवायचं." तिने पाठीचं कापड जमिनीवर अंथरलं, वर थर टाकला. मग चौकोन काठाला ठेवायचा, सुटलेली कड आत दुमडायची, हाताने धावदोरा घालायचा. दुसरा चौकोन पहिल्याच्या अंगावर थोडा चढवायचा. लहान असेल तर थोडा चढव, मोठा असेल तर जास्त चढव. कुणी आटलेलं असो नाहीतर वाकडं असो, सगळ्यांना जागा मिळते. एका काठाने सासू बसली, समोरच्या काठाने सून, आणि दोघी रोज संध्याकाळी शिवत मधल्या बाजूला सरकत आल्या.

सासूचे टाके बारीक, एका रेषेत. सुनेचे सुरुवातीला ढेंगा टाकत चाललेले. "हे काय, टाके आहेत की पायवाट?" सासू विचारायची. "तुमच्यासारखे घालायचे तर माझा जन्म जाईल," सून म्हणायची. त्या बोलण्यात मग तो यायला लागला. लहानपणी तो बटणं तोडून कशी खिशात भरायचा, लग्नानंतर त्याने एकदा बटण लावलं ते शर्ट आणि बनियन एकत्र शिवून कसं लावलं. त्या हसायच्या आणि मग गप्प व्हायच्या. मला ते हसणं आणि ते गप्प होणं, दोन्ही टाक्यांबरोबर आत शिवलं गेल्यासारखं वाटतं.

मी पूर्ण झाले. सुनेने माझी घडी घालून सासूच्या हातात दिली. "आई, ही तुमच्यासाठी."

"आणि तू काय पांघरशील?"

सुनेने घडीचा काठ सारखा केला. मग नव्या दुकानाचं, दुसऱ्या शहराचं सगळं सांगितलं.

"कधी ठरवलंस हे?"

"ही शिवायला घेतली त्याच्याही आधी."

"म्हणजे माझी बोळवण करायला शिवत होतीस, आणि अर्धी माझ्याकडूनच शिवून घेतलीस," सासू म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि पुढचे किती तरी दिवस पुन्हा फक्त दूध, गॅस आणि पाणी एवढंच बोलणं चाललं. ते दिवस मला फार जड गेले. ज्यासाठी मला शिवलं तेच माझ्यामुळे मोडलं, असं वाटत राहिलं.

जायच्या दिवशी सून पिशवी भरत होती. सासू मला घेऊन आली आणि कपड्यांवर मला ठेवून तिने चेन ओढली.

"आई, ही तुमची आहे."

"माझीच आहे. म्हणून सांगते, नीट ठेव." सासू चेनशी उगाच खेळत राहिली. मग म्हणाली, "आणि तिकडे पलंग घेशील तो रुंद घे."

सुनेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पिशवीवरच बसली. "तुम्ही याल? हे घर सोडून?"

"तू विचारलंस का कधी?"

पलंग रुंद घेतला गेला. सासू आली आणि त्या पलंगावर काही हिवाळे आम्ही तिघींनी काढले. सकाळी उठल्यावर भांडण ठरलेलं. तूच ओढलीस. नाही, तुम्हीच ओढलीत, माझे पाय गारठले. खरं सांगायचं तर दोघी ओढायच्या. मी मधे ताणली जायचे आणि मला त्यात सुख होतं. माझ्या एका बाजूचे टाके त्याच ओढाओढीत उसवले. सासूने ते चष्मा चढवून परत घातले. चष्मा सुनेने बसवून दिलेला.

मागच्या थंडीत सासू गेली. घरीच गेली, माझ्याखाली, सुनेचा हात हातात असताना. कुणी घाई केली नाही, कुणी काही कापलं नाही. मृत्यूबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच बोलता येईल.

आता माझा रंग उतरला आहे, लालाचा गुलाबी झाला आहे. सूनही आता केस रंगवत नाही. लोक तिला म्हणतात, एकटीला एवढा पलंग कशाला, ही गोधडी तरी कुणाला देऊन टाक. मी त्यांना काय सांगणार? ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला मात्र एक मागणं आहे. घरात दोन माणसं उरली असतील तर एकमेकांना विचारा. उत्तर काय येईल ते आपल्या मनाने ठरवून टाकू नका. आमच्या घरात ते विचारायला फार उशीर झाला होता, तरी वेळ निघून जायच्या आत विचारलं गेलं, एवढं आमचं नशीब.

परवापर्यंत ती आपल्याच कडेला झोपायची. भिंतीकडची सासूची जागा तशीच मोकळी, उशीसुद्धा हलवलेली नव्हती. काल ती अंग टाकताना सवयीने म्हणाली, "आई, जरा सरका." आणि बोलल्यावर तिने माझा काठ हातात धरला. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिने दिवा मालवला आणि स्वतःच सरकली, भिंतीपर्यंत, आईच्या जागेवर, आणि तिथे झोपली.