मंडपवाल्या पोकुआची वेबसाइट

आई गेली तेव्हा तिच्या धंद्यात मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मी, एवढंच राहिलं. आमच्या कुमासी शहरात शनिवारी कुठे ना कुठे मयताचा कार्यक्रम असतोच, त्यामुळे खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याला शनिवारी स्वतःला बसायला मिळत नाही. यंदा मात्र इस्टरपासून मी शनिवारी घरात बसून होते आणि अंगणात खुर्च्यांचे ढीग तसेच पडून होते.

कारण नवी वेबसाइट. बहिणीची मुलगी बिरागो आक्राहून शिकून आली आणि म्हणाली, "मावशी, तुझी ती जुनी वेबसाइट बघून डोळे दुखतात. मी नवी करते." केली. देखणी होती, खोटं कशाला बोलू? लोक उघडायचे, सगळं भरत जायचे आणि शेवटच्या पानावरून पळून जायचे. बिरागोनं बटणं मोठी केली, रंग बदलले. गिऱ्हाईक काही थांबेना. शेवटी मी अम्पोफोला फोन केला. अम्पोफो म्हणजे धंद्यातला माझा जुना वैरी.

"महिनाअखेरच्या शनिवारी गाडी घेऊन ये आणि सगळं उचल," म्हटलं. आईचा धंदा असा एका वाक्यात विकला आणि रात्रभर तळमळत पडले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत ओपानिन डोम्फेंच्या दारात अम्पोफोच्या खुर्च्या उतरताना दिसल्या. ओपानिन त्या घराण्याचे कर्ते. त्यांच्याकडची सगळी मयतं आईच्या मंडपाखाली झालेली. माझं डोकंच फिरलं. घरच्या चपला घालूनच तिकडे गेले.

पण भांडायला गेलं तरी आमच्यात आधी बसायचं, पाणी प्यायचं आणि यजमानानं विचारल्यावरच कारण सांगायचं. मी पाणी प्याले. अर्धा राग तिथेच उतरला.

"बोल पोकुआ, काय काढलंस?"

"आमच्या खुर्च्यांना काटे फुटलेत का, ओपानिन?"

"खुर्च्यांना नाही. तुझ्या वेबसाइटला." त्यांनी फोन पुढे केला. "माझी बहीण गेली. भाची रडत रडत सगळं भरत होती, आणि शेवटी हे आलं. वाच. मोठ्यानं वाच."

फोनवर फुगे उडत होते. एक पोरगी बत्तीशी दाखवत होती. खाली लिहिलं होतं, "अभिनंदन! तुमची निवड उत्तम आहे. पुन्हा लवकर या!" आणि त्याखाली 'नक्की करा'चं बटण.

"पुन्हा लवकर?" ओपानिन म्हणाले. "आता कोणाला घेऊन येऊ? घरात सगळ्यात म्हातारा मीच उरलोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि देवाशपथ, हसूही आलं. ओपानिनांनी ते पाहिलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले.

"हसू नकोस गं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "घरात सुतक आहे."

घरी येऊन मी बिरागोला धारेवर धरलं. "शेवटचं पान उघडून बघितलं होतंस का?"

"नाही."

"का?"

"त्याआधी गेलेल्या माणसाचं नाव भरावं लागतं. कोणाचं भरू? तुझं?"

"जीभ झडो तुझी!"

"बघ! म्हणूनच नाही भरलं."

मीही त्याच भीतीनं कधी पुढे गेले नव्हते. जित्याजागत्या माणसाचं नाव त्या रकान्यात लिहायला कुमासीत कोणाचा हात धजणार? बिरागोनं हॉटेलांसाठी बनवलेला वेबसाइटचा तयार साचा विकत घेतला होता. सुरुवातीची पानं बदलली, शेवटचं तसंच राहून गेलं.

मग आम्ही दोघींनी सगळं नव्यानं मांडलं. खुर्च्या किती, हे पहिल्याच पानावर विचारणं बंद. आधी "दुए, दुए", म्हणजे आम्ही तुमच्या दुःखात आहोत. मग नाव-गाव. ज्याला लिहवत नाही त्याला नुसतं बोलायची सोय. पैशाचं सगळ्यात शेवटी.

"आणि शेवटच्या पानावर काय लिहू?"

"लिही, आमची गरज तुम्हाला लवकर न पडो."

"असं कुठला धंदा म्हणतो, मावशी?"

"आपला."

"बरं. पण तपासायचं कसं?"

"तुझ्या आजीचं नाव घाल. ती तर गेलेलीच आहे."

बिरागोनं 'आफ्रियी' असं भरलं, खाली माझं नाव घातलं. पुढचं पान उघडलं. "दुए, पोकुआ. मंडपाचं आम्ही बघतो. तुम्ही आपल्या माणसांजवळ बसा." ते वाचून मला रडू कोसळलं. आई गेली त्या दिवशी खुर्च्या मीच मांडत होते. असं मला कोणी म्हणालंच नव्हतं.

पहिली मागणी ओपानिनांच्या भाचीची आली, तिच्या आईच्या मोठ्या कार्यक्रमासाठी; अम्पोफोच्या खुर्च्या नुसत्या पहिल्या बैठकीपुरत्या होत्या. मग त्यांच्या सोयऱ्यांची, मग अनोळखी लोकांची. दर वेळी फोन वाजला की माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. अम्पोफोला मात्र मी मुद्दामच काही कळवलं नाही.

महिनाअखेरच्या शनिवारी तो भली मोठी गाडी घेऊन आला. अंगण झाडून ठेवल्यासारखं रिकामं.

"खुर्च्या कुठायत?"

"लोक बसलेत त्यांच्यावर."

"आणि मी कशावर बसू?"

घरात एकच स्टूल उरलं होतं, ते आणून दिलं. गार पाणी दिलं. त्यानं ते पिऊन संपवेपर्यंत मी शांतपणे उभी राहिले.

मग विचारलं, "बोल अम्पोफो, काय काढलंस?"