ऑफच्या दिवशी तणावमुक्ती

एकोणीस दिवस मला ऑफ मिळाला नव्हता. गुरुवारी मिळणार होता. देगलूरला अम्मीकडे जायचं आणि दिवसभर झोपायचं, एवढाच बेत. बुधवारी नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात नोटीस लागली: ‘उद्या तणावमुक्ती कार्यशाळा. ड्युटी नसलेल्या सर्वांनी, ऑफ असला तरी, हजर राहणे.’ खाली इन्चार्ज महामाया सिस्टरांची सही.

माझं डोकंच फिरलं. तणाव घालवायला सुट्टी घालवायची! रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

महामाया सिस्टर म्हणजे वॉर्डाची सासू. गुरुवारी मी गेले ती भांडायलाच. मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची धरली. कार्यक्रम संपला की सगळ्यांसमोर ऑफ मागायचा, नाही म्हणाल्या तर राजीनामा. माझ्याबरोबरच्या पुनम सिस्टरला तसं सांगूनही ठेवलं होतं. ती म्हणाली, “मग मलाबी घेऊन जा.”

शिकवायला लातूरहून आनंदराज सर आले होते. भला माणूस. त्यांनी विचारलं, “तुम्हाला सगळ्यात शांत कुठं वाटतं?”

पुनम उभी राहिली. “लिफ्टमध्ये, सर. मंगळवारी वीस मिनिटं अडकले होते. लई बरं वाटलं.”

सगळ्या हसल्या. सर मात्र हसले नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. तिसऱ्याच श्वासाला शेजारून घोरणं ऐकू आलं. महामाया सिस्टर! मान कलंडलेली, तोंड उघडं. मागच्या रांगेत खसखस पिकली. मलाही गुदगुल्या झाल्या. आता बऱ्या सापडल्या!

तेवढ्यात त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि थोपटू लागला. झोपेतच त्या पुटपुटल्या, “उगं, माय, उगं. झालं आता. सुई न्हाई टोचणार.”

माझे डोळे भरून आले. मला कुणी असं थोपटून किती काळ लोटला होता! मी ड्युटीवर यायचे तेव्हा त्या आलेल्या असायच्या, निघायचे तेव्हाही तिथंच असायच्या. माझे एकोणीस दिवस मी मोजले होते. त्यांचे कुणी मोजलेच नव्हते. त्या थोपटण्यानं मलाही कधी झोप लागली, कळलं नाही.

जाग आली तर दीड तास उलटलेला. अख्खा हॉल गाढ झोपेत. सर माईक बंद करून दाराशी स्टूल टाकून बसले होते. कुणी डोकावलं की ओठांवर बोट ठेवत.

महामाया सिस्टर दचकून उठल्या. “कोण झोपलं होतं?”

“कुणीच न्हाई, सिस्टर,” पुनम जांभई देत म्हणाली.

त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग ड्युटीचा तक्ता काढला. “सुमय्या, तू उद्या ऑफ घे. परवाबी घे.”

“आणि तुमचा?”

“माझं बघू.”

“बघू नका, लिहा.”

पेन काही हलेना. पुनमनं ते काढून घेतलं आणि त्यांच्या नावापुढे रविवारी ‘ऑफ’ लिहिलं. “वॉर्ड मी सांभाळते.”

त्या अक्षरांकडे बघत सिस्टरांनी हळूच विचारलं, “ऑफला काय करत असतात गं?”

“झोपायचं,” मी म्हणाले. “कुणी हाक मारली तरी उठायचं न्हाई.”

“जमंल का मला?”

“जमवा, सिस्टर,” पुनम म्हणाली, “न्हाई तर पुन्हा कार्यशाळा लावतील.”